मृत्युपत्र आणि आपली घरे
(भोई समाज मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मृत्युपत्राचा विषय निघाला की आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. जिवंतपणीच मरणाचे कागद कशाला, असे ते म्हणतात. गोदेच्या पुरात नाव घालणाऱ्या माणसाला मरणाचे भय वाटत नाही, कागदाचे मात्र वाटते, हे नवलच होय. पण त्यालाही कारण आहे. 1948 पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीतील दस्त उर्दूत होत, आणि ज्यातले अक्षर लागत नाही त्यावर अंगठा उठवण्यापेक्षा चार पंचांसमोर तोंडी वाटणी केलेली बरी, असे आपल्या आज्या-पणज्यांना वाटले तर त्यांना दोष कोणी द्यावा?

आता माझ्या घरचीच हकिकत सांगतो. माझे चुलते गंगाखेडकडचे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावून आणि एरवी मासे विकून त्यांनी स्वकमाईने तीन खोल्यांचे घर बांधले. 'हे घर माझ्यामागे माझ्या पत्नीचे', असे त्यांनी वहीत स्वहस्ते लिहून खाली सही केली. साक्षीदार मात्र एकही घेतला नाही. 2011 साली ते वारले. वहीतला कागद कायद्याने मृत्युपत्र ठरला नाही. घराचे चार सारखे हिस्से झाले: काकू, दोन मुलगे व मुलगी. थोरल्याने आपला हिस्सा मागितला, घर विकावे लागले, आणि ज्या बाईने तीस वर्षे डोक्यावर टोपले घेऊन त्या भिंती उभारल्या ती आज लेकीच्या दारी राहते. थोरला वाईट नव्हता, कर्जात होता. दोन सह्यांनी हे टळले असते.

त्या दोन सह्या कशा असाव्यात, हे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात सांगितले आहे. लिहिणाऱ्याने सही वा अंगठा करावा. निदान दोन साक्षीदारांनी तो करताना पाहावा, किंवा 'ही सही माझी' असे त्याच्या तोंडून ऐकावे, आणि त्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्यात. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही. तथापि घरात कुरबूर असेल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती अवश्य करावी. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान घ्यावेत, आपल्याआधी त्यांनी जाऊ नये एवढ्यासाठी! मन बदलले तर नवे लिहावे. शेवटचे तेच खरे.

जे आपले नाही ते मात्र लिहून देता येत नाही. नदीपात्रातील वाळूची वाडी सरकारची. येलदरीसारख्या जलाशयात मासेमारीचा ठेका संस्थेच्या नावे असतो, तो कोणा एका सभासदाच्या घरचा नव्हे. बँकेत ज्याचे नाव लावले तो रक्कम हाती घेतो. त्यामुळे तो तिचा मालक होतो असे नाही. नाव, जाळी, घर, दागिना हे आपले.

वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आपण फार चुकतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, पण स्वतःचाच. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणे जन्मतःच हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा 'सारे मुलांना' असे लिहिणारा बाप मुलीचा हिस्सा देऊन टाकू शकत नाही. लग्नानंतर बहिणीकडून साडीचोळी देऊन हक्कसोड लिहून घेण्याची आपली रीत मला तरी शोभादायक वाटत नाही. तिने मनाने सोडले तर गोष्ट निराळी. पण तिला आधी वाचून तर दाखवा.

आजचे कार्य आटोपल्यावर मी मागच्या ओसरीवर बसणार आहे. कोरे कागद आणले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून देईन; साक्षीदार मात्र ज्याने त्याने आपले आणावेत.