बंद धुराडे आणि ओली भिंत



कालपर्यंत या व्यासपीठावरून देशाच्या आणि साहित्याच्या गोष्टी झाल्या. मी आपल्याला स्वयंपाकघरात नेणार आहे, तेही चुलीमागच्या भिंतीपाशी.

नंदुरबारात माझ्या आत्याचे जुने विटांचे घर आहे. चुलीवरून भिंतीच्या पोटातून छपरावर गेलेले धुराडे. गॅस आला, चूल निघाली, आत्याचे डोळे निवले. मग धुराड्यातून पाऊस येतो, चिमण्या काड्या टाकतात, म्हणून गवंड्याने त्याची दोन्ही तोंडे विटा-सिमेंटने पक्की बुजविली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर तपकिरी डाग उमटला. छपर गळते असे समजून दोनदा कौले चाळली, चुना दिला. डाग पुन्हा हजर. फळीवरच्या मिरच्यांना बुरशी आली आणि तुळईचे भिंतीतले टोक कुजू लागले, तेव्हा कोठे धुराडे फोडले. आत काजळी चिखलासारखी ओली होती.

चूल पेटे तेव्हा ही भिंत दोन वेळा शेकून निघत असे. ती ऊब गेली आणि वाराही कोंडला. काजळीत धुराचे क्षार असतात. पावसाळ्यात मीठ पाझरते, तसे हे क्षार हवेतली ओल ओढतात आणि गिलाव्यातून बाहेर डोकावतात.

त्यात भर घातली गॅसने. एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, म्हणजे 14.2 किलोचे सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 22 लिटर पाणी आपण घरातल्या हवेत सोडतो! लाकडातूनही वाफ निघे, पण ती धुरासंगे वर जाई. 30 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते, 20 अंशांची फक्त 17. अशी भरलेली हवा गार भिंतीला टेकली की उरलेले पाणी तिथेच ठेवते.

नंदुरबारकरांना हे मी काय सांगावे? पथारीवरची मिरची अर्धओली पोत्यात भरली, तर पोते उघडताना काय दिसते, हे आपल्याला ठाऊक आहे. धुराड्याचे आपण पोतेच करतो.

तेव्हा धुराडे बुजवू नये. आधी काजळी झाडून काढावी. वर पाऊस अडविणारी, पण बाजूंनी उघडी अशी टोपी बसवावी. पाखरांसाठी जाळी लावावी. खाली, चुलीच्या जागी, वीतभर भोक ठेवून त्यालाही जाळी द्यावी. झडीच्या दिवसांत बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे भिंत लगेच कोरडी होणार नाही. उघाड पडली की काम सुरू होते. आणखी एक, हे विसरू नका: गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुराड्यातून वर जात नाही, जमिनीलगत साचतो. त्यासाठी दार-खिडकी वेगळी उघडावी लागते.

आत्याच्या भिंतीवरचा डाग अजून गेलेला नाही. क्षार बसलेला गिलावा खरवडून चुन्याचा नवा करावयाचा आहे. मी म्हटले, आधी एक उन्हाळा भिंत वाळू दे. ती म्हणाली, "आणि तोवर आल्यागेल्याला काय सांगू?"