नदीवरची हजेरी
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



बोलायला उभं केलंच आहे, तर एक जुना गुन्हा कबूल करतो. आठवीत असताना, ऐन थंडीत, मी शाळा बुडवून कन्हानच्या पात्रात उतरलो होतो. हातात गलोल. समोर रेतीवर केशरी बदकांची जोडी बसलेली. नेम धरला आणि मागून सरांचा आवाज आला.

आता धपाटा बसणार, असं वाटलं. पण सर म्हणाले, "अरे, हे चक्रवाक आहेत. लडाख-तिबेटकडची तळी, दलदली आता गोठल्या. चोच घालायला जागा उरली नाही, म्हणून एवढ्या दूर आपल्या गावी आले. दारी आलेल्या पाहुण्याला कोणी गोटा मारतं का?"

शिक्षा मात्र झाली. दर रविवारी सकाळी पुलावरून पक्ष्यांची हजेरी घ्यायची. वहीत दोन रकाने. गावचे : टिटवी, बगळा, खंड्या. पाहुणे : चक्रवाक, पांढरा धोबी. मार्चनंतर पाहुण्यांपुढे 'गैरहजर' लिहिताना वाईट वाटायचं. सर म्हणायचे, "तिकडचं बर्फ वितळलं. पिल्लं वाढवायला घरी गेले."

पुढे नोकरीने मलाही गावाबाहेर नेलं. गेल्या डिसेंबरात बऱ्याच वर्षांनी त्याच पुलावर उभा राहिलो. तासाभरात एकच जोडी दिसली. एका सकाळीवरून निष्कर्ष काढू नये, हे सरांनीच शिकवलं. पण रेती किती खाली गेली, ते डोळ्यांना दिसत होतं. चक्रवाकाला झाड लागत नाही. त्याला चहूकडे नजर जाईल अशी उघडी रेती आणि उथळ पाणी लागतं. आपण ट्रकमध्ये भरतो, तीच रेती त्याचा बिछाना असते.

मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. हे दोन दिवस सांधून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. माझी विनंती एवढीच : दरवर्षी त्या आठवड्यात शाळेतल्या मुलांना पुलावर न्या आणि हजेरी सुरू करा. दहा वर्षांची वही झाली, की रेतीबद्दल कुणाशी बोलताना आपल्या हाती आकडे असतील.

पहिली कोरी वही मी आज सोबत आणली आहे. सर समोरच बसले आहेत. पहिल्या पानावर त्यांची सही हवी. आणि सर, त्या दिवशीची गैरहजेरी आता तरी माफ करा.