फोकस जरा खाली धर



सुरुवातीलाच एक तक्रार. समोर स्टुलावर उभा राहून जो मुलगा फोकस सांभाळतोय, त्याने तो इतका नेमका माझ्या डोळ्यांवर मारलाय की मला तुमच्यातलं कोणीच दिसत नाही. राहू दे बाळा, तुझ्यामुळे मला बोलायला विषय मिळाला.

मीही याच शाळेची. सकाळच्या प्रार्थनेत मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला दिव्याचा दृष्टान्त कितीदा ऐकला असेल! त्यातला ‘दिवठण’, म्हणजे दिवा ठेवायची उंच जागा, हा शब्द मला फार आवडायचा. वाटायचं, आपण उंचावर बसायचं आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं. दिवा उंच ठेवतात तो घरातल्यांना ताटातलं दिसावं म्हणून, हे कळायला मला वॉर्डात जावं लागलं.

व्हायचं होतं डॉक्टर. बारावीला टक्के कमी पडले, रडत रडत नर्सिंगला गेले. रात्रपाळीला वॉर्डातले दिवे मालवलेले असतात. सलाईनचे थेंब मोजायला बॅटरी लागते. ती सरळ मारली तर पेशंट दचकून उठतो. एका जुन्या सिस्टरांनी युक्ती दाखवली. बॅटरीच्या काचेवर बोटं आडवी धरायची. बोटांच्या फटींतून तांबूस उजेड झिरपतो, तेवढ्यात घड्याळ दिसतं, थेंबही दिसतो आणि माणूस झोपलेला राहतो. माझा धर्मशिक्षणाचा सगळ्यात चांगला तास तोच.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्याही डॉक्टर व्हायला. पण कानांनी दगा दिला, वैद्यकीय शिक्षण राहून गेलं. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचं त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवलंय. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण जो प्रकाश तो ख्रिस्त अजून मिळालेलाच नाही. विधवा मुलींसाठीचं त्यांचं शारदा सदन १८८९ मध्येच सुरू झालं होतं, नाव झालं होतं, आणि ही बाई असं लिहिते! मला त्यांचा हा प्रामाणिकपणा बाप्तिस्म्याहून मोठा वाटतो. पाळकसाहेब माफ करतील.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांची लेक मनोरमा ब्रेल शिकली आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागली. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या. त्यांच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायच्या त्या मुलीच. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ठाऊक आहे ना? दुष्काळात जिची कुणाला गरज नव्हती, ती मुलगी बोटाने चाचपत उलटं अक्षर सुलटं वाचतेय. प्रकाश म्हटलं की मला आकाशातलं काही आठवत नाही, ही मुलगी आठवते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक शब्द फार चालतो, पाचारण. तरुण मुलं मला विचारतात, सिस्टर, देवाचं पाचारण ओळखायचं कसं? आवाज येतो का? मला तरी कधी आला नाही. मला बेल ऐकू यायची, सहा नंबरच्या खाटेची. उठून जायचं. तिथे पोचल्यावर कळायचं की आपल्यालाच बोलावलं होतं. हातातल्या बॅटरीचा उजेड पुढच्या खाटेपर्यंतच पोचतो, अख्खा वॉर्ड एकदम कधी दिसत नाही. तेव्हा दहावीच्या मुलांनो, सगळं आयुष्य आत्ताच दिसत नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

आता थांबते. पडद्यामागे पहिलीची मुलं मोर होऊन तासभर ताटकळली आहेत. एकाची शेपटी सुटलेली मी येताना पाहिलीय, बाईंनी तेवढी टाचणी लावावी. आणि स्टुलावरच्या बाळा, फोकस माझ्यावरून काढ, त्यांच्यावर टाक. डोळ्यांत मारू नको, जरा खाली धर.