गोठा आपल्या हातचा, कागद आपल्या नावचा

(झरी, ता. जि. परभणी इथं एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका पशुसखी ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्या मैत्रिणींसाठी ते इथं देत आहोत.)



मला आज गोठ्यावर बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, गोठ्यावर काय बोलायचं? शेण काढून काढून तर आपला जन्म गेला. पण मी शेण काढण्यावर बोलणार नाही, गोठा बांधण्यावर बोलणार आहे.

जनावरं कोण सांभाळतं, हे मी तुम्हाला विचारत नाही. चारा आपण आणतो, धार आपण काढतो, शेळी रात्री व्यायली तर कंदील घेऊन आपणच बसतो. पण गोठा बांधायची वेळ आली की आपण कुठं असतो? वाळूचं घमेलं डोक्यावर घेऊन उभ्या! थापी दुसऱ्याच्या हातात, मोजमाप दुसऱ्याच्या वहीत आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात.

आता जरा हिशोब बघा. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचा शासन निर्णय ३ फेब्रुवारी २०२१ चा आहे. दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला रोजगार हमीतून ७७,१८८ रुपये धरले. त्यातले अकुशल मजुरीचे ६,१८८ आणि कुशल कामाचे, म्हणजे सामान आणि गवंडी मिळून, ७१,०००. तेव्हा रोजगार हमीची मजुरी २३८ रुपये होती. २३८ ला २६ नं गुणा, बरोबर ६,१८८ येतात. म्हणजे आख्ख्या गोठ्यात घमेलं उचलणाऱ्या बाईला फक्त २६ दिवसांची हजेरी. १ एप्रिल २०२४ पासून मजुरी २९७ झाली, चांगलं झालं. पण शंभर रुपयांतले आठ रुपये घमेल्याला आणि ब्याण्णव रुपये सामानाला अन् थापीला, हे गणित त्यानं बदलत नाही. सामानाचा पैसा दुकानात जाणारच. थापीचा पैसा मात्र आपल्या घरी येऊ शकतो, आपण थापी धरली तर.

कुणी म्हणेल, हे बायांचं काम नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-सासवांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते केले. दगड फोडणं बायकांचं काम आणि तोच दगड ओळीत लावणं पुरुषांचं, असं कोणत्या पोथीत लिहिलंय?

आता कामाचं सांगते. लिपिकाताई, हे लिहून घ्या.

पहिली गोष्ट जागा. उंचवट्याची बघा, पावसाचं पाणी गोठ्याकडं यायला नको. गोठ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं. लांबी पूर्व-पश्चिम असली की दुपारचं ऊन आत कमी शिरतं.

दुसरी गोष्ट पाया. आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरवर बांधलेली भिंत दोन वर्षांत तडकते. म्हणून पाया खोदताना मुरूम किंवा घट्ट थर लागेपर्यंत खाली जा. मग मुरमाची भरणी करा. एकदम ओतायची नाही. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं, मग वरचा थर. जोतं जमिनीपासून फूट-दीड फूट वर घ्या.

तिसरी गोष्ट मोजमाप. यालाच आपण घाबरतो, आणि हेच सगळ्यात सोपं आहे. कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला एक सुतळी पुरते. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण करा, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा सरळ. नाही भरलं तर खुंटी सरकवा. भिंत उभी सरळ आहे का, ते ओळंबा सांगतो. दोन टोकं एका उंचीला आहेत का, ते पाणी भरलेली पारदर्शक नळी सांगते. चौथी शिकलेली बाई हे करू शकते, न शिकलेलीही करू शकते. ब्लाउज बेतणारीला तर हे हसत-हसत येईल.

मोठ्या जनावरांच्या गोठ्याचं शासनाचं माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे साधारण पंचवीस फूट बाय साडेअकरा फूट. सहा जनावरं बांधली तर एकेकीला चार फुटांच्या वर जागा मिळते. लांबीभर गव्हाण, २०० लिटरचं पिण्याच्या पाण्याचं टाकं आणि २५० लिटरचं मूत्राचं टाकं. हे मूत्राचं टाकं कुणी गाळू देऊ नका. तेच पुढं जीवामृताला, खताला कामाला येतं. शेळ्यांचं म्हणाल तर एका मोठ्या शेळीला छताखाली दहा चौरस फूट धरा आणि बाहेर मोकळं आवार त्याच्या दुप्पट. आपली उस्मानाबादी दोन-दोन करडं देते, तेव्हा करडांचाही विचार आधीच करा.

चौथी गोष्ट बांधकाम. विटा पाण्यात भिजवून लावा, नाही तर त्या मालातलं पाणी शोषून घेतात. एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू. कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. खालचा उभा सांधा आणि वरचा उभा सांधा एका रेषेत येऊ देऊ नका. आणि निदान सात दिवस पाणी मारा. उन्हाळ्यात भिंतीवर ओलं गोणपाट टाका. पाणी मारायचं काम नेहमी आपल्याकडंच असतं, पण भिंतीचा खरा जीव त्याच कामात आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

पाचवी गोष्ट जमीन. गुळगुळीत करू नका, म्हैस घसरली की पाय गेला म्हणून समजा. खरबरीत ठेवा आणि नालीकडं दर पाच फुटांना एक इंच उतार द्या.

सहावी गोष्ट छत, आणि इथं मी जरा थांबते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते का? किल्लारीचा भूकंप. सुमारे आठ हजार माणसं गेली, जनावरं गेली. जाड जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर टनावारी मातीचं माळवद. आतला दगड आतल्या बाजूला, बाहेरचा बाहेरच्या बाजूला, मधे नुसती भर. भिंत फुटली आणि माळवद अंगावर आलं. म्हणून गोठ्याला छत हलकं ठेवा. दगडाची भिंत करणार असाल तर मधे-मधे भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालाच. त्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडं घरांच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोगच्या मदतीनं गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. घर मजबूत कसं करायचं हे त्यांनी घरोघर समजावलं. आपल्याच मराठवाड्यातल्या बाया त्या.

पत्रा घातला तर मधे दहा-बारा फूट आणि कडेला सात-आठ फूट उंची ठेवा, गरम हवा वरून निघून जाते. वळवाच्या वादळात पत्रे उडतात, तेव्हा हूक आणि नट घट्ट बसवा. नुसते दगड ठेवून भागत नाही, उडालेला दगड माणूस मारतो. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना मारा किंवा पऱ्हाट्या, पाचट टाका. दुधात फरक दिसेल.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गोठा तुम्ही बांधला, कागद कुणाच्या नावाचा? जागा सासऱ्याच्या नावावर, सासरे वारलेले, वारसांची नोंद नाही, मग प्रस्ताव अडकतो. किंवा मंजूर होतो, पण आपलं नाव कुठंच नसतं. पुढं भांडण झालं, नवरा गेला, तर आपल्या हातानं रचलेल्या भिंतीतून आपल्यालाच बाहेर काढतात. अशी एकही ताई माहीत नसेल अशी बाई इथं बसलेली नाही.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी, असं शासनानं २००३ मध्येच सांगितलंय. मागायला आपणच जात नाही. एकट्या राहणाऱ्या, घर चालवणाऱ्या तायांनो, स्त्री कुटुंबप्रमुख म्हणून या योजनेत तुमचा वेगळा हक्क आहे, तो सोडू नका. जॉबकार्डावर आपलं नाव आहे का, बँक खातं आपलं स्वतःचं आहे का, हजेरीपत्रकावर आपण केलेले दिवस लागलेत का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. काम सुरू व्हायच्या आधीचा, चालू असतानाचा आणि झाल्यावरचा फोटो काढून ठेवा, आणि फोटोत स्वतः उभ्या राहा.

तर आपण काय करायचं? पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं जॉबकार्ड आणि नमुना ८ चा उतारा घेऊन यायचं. ज्यांना गोठा हवाय त्यांची यादी करून ग्रामसभेत ठराव मागायचा. चालू अंदाजपत्रक पंचायत समितीतून विचारून घ्यायचं. आणि पाच जणींनी पुढं यायचं. मृग लागायच्या आत एका ताईचा शेळ्यांचा गोठा जाणत्या गवंड्याच्या हाताखाली आपण पाच जणींनी बांधायचा. गवंड्याची मजुरी ठरलेली द्यायची, पण थापी आपल्या हातात. पहिली भिंत त्यानं दाखवायची, दुसरी आपण रचायची.

पाचातलं पहिलं नाव माझं लिहा. बाकीची चार आत्ताच सांगा, लिपिकाताईंची वही उघडीच आहे.