कझाकस्तानचे बारीक हिरे आणि खाली जाऊन परत आलेला खडक

आज हिऱ्यांवर बोलायचंय, पण अंगठीतल्या नाही. आजचे हिरे इतके बारीक आहेत की केसाच्या जाडीत चार-पाच ओळीनं मावतील. सरासरी आकार १२-१३ मायक्रॉन. सराफाकडे नेलेत तर तो आधी विचारेल, हिरा कुठाय? तरी माझ्या मते अंगठीतल्या हिऱ्यापेक्षा यांची गोष्ट भारी आहे.

आधी नेहमीचे हिरे पटकन उरकू. पन्नातले किंवा दक्षिण आफ्रिकेतले हिरे साधारण १५० ते २०० किलोमीटर खोल, प्रावरणात तयार झाले. प्रावरण म्हणजे आपण ज्या कवचावर राहतो त्याच्या खालचा जाडजूड थर. तिथून किंबरलाइट आणि त्याच्या भाऊबंद मॅग्मांनी त्यांना वर आणलं. हिरा खालचाच, मॅग्मा फक्त लिफ्ट.

आता चला उत्तर कझाकस्तानात, कोकचेताव भागात. तिथे कुमदी-कोल नावाचं तळं आहे. त्याच्या आसपासचे खडक म्हणजे नाइस, संगमरवर वगैरे. हे मूळचे वरचेच खडक. कधीकाळी समुद्रात साचलेला चिखल, चुनखडीसारखा गाळ. अशा खडकात हिरे असल्याचं सोव्हिएत संशोधकांनी १९७२मध्ये लिहिलं होतं. जगानं नीट दखल घेतली १९९०मध्ये, सोबोलेव आणि शात्स्की यांचा ‘नेचर’मधला पेपर आल्यावर.

यात एवढं काय? हिरा बनायला साधारण १२० किलोमीटर किंवा त्याहून जास्त खोली लागते. माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोला, १२ किलोमीटरचं. खंडाचं कवच प्रावरणापेक्षा हलकं, ते वर तरंगतं, बुडत नाही, हा तेव्हाचा साधा हिशोब होता. आणि इथे चिखलापासून झालेल्या खडकात हिरा! म्हणजे एक तर हिशोब चुकला, नाहीतर हिरा बाहेरून आला.

बाहेरून आला ही शंका अगदी रास्त होती. खडकाच्या चकत्या कापायला आणि घासायला लॅबमध्ये हिऱ्याचीच पूड वापरतात. एक कण अडकला की झालं, तुमचा क्रांतिकारी शोध म्हणजे करवतीचा कचरा. (आमच्याकडे टेस्ट डेटा प्रॉडक्शनमध्ये सापडतो ना, तसंच.) उत्तर मिळालं गार्नेट आणि झिरकॉन या खनिजांच्या पोटात. हिरे स्फटिकाच्या आत होते, चारी बाजूंनी बंद, घासलेल्या पृष्ठभागाच्या खाली. पारदर्शक गार्नेटमधून लेझर आत सोडायचा आणि परतणारा प्रकाश वाचायचा. हा तोच रामन परिणाम, १९२८ सालचा, आपल्या सी. व्ही. रामन यांचा. हिऱ्याची रेघ ठरलेल्या जागी, १३३२ला येते. तशीच ती आली.

मग झालं काय होतं? सुमारे ५३ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाची प्लेट प्रावरणात घुसत होती. तिच्या शेपटाला खंडाची कड जोडलेली, ती पण ओढली गेली. खाली दाब हवेच्या दाबाच्या ४०,००० पटींहून जास्त, तापमान ९५० ते १,००० अंश. अभ्रकासारख्या खनिजांतून पाणी सुटलं, गाळातला कार्बन त्या गरम द्रवात विरघळला आणि त्यातून हिऱ्याचे कण जमले. त्याच वेळी वाढणाऱ्या गार्नेटनं त्यांना पोटात घेतलं. म्हणूनच यातले बरेच हिरे सुबक नाहीत. वेडेवाकडे, सांगाड्यासारखे. घाईत वाढलेले.

घाईचा पुरावाही हिऱ्यातच आहे, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. हिऱ्यात नायट्रोजनचे अणू घुसतात. सुरुवातीला सुटे-सुटे असतात. उष्णतेत खूप काळ राहिले की आधी जोड्या होतात, नंतर चार-चारचे गट. प्रावरणातल्या जुन्या हिऱ्यांत गट भरपूर, कारण बरेचसे तिथे अब्जावधी वर्षं शेकत बसलेले. कोकचेतावच्या हिऱ्यांत नायट्रोजन सुटा किंवा फार तर जोडीत. म्हणजे मुक्काम थोडाच होता.

परत वर कसे आले? तेच हलकेपण. दाबानं घट्ट होऊनही हा खडक आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा हलकाच राहिला. ओढणारी जड प्लेट सुटली की बूच पाण्यात सोडल्यासारखा वर. अर्थात बूच वर्षाला काही सेंटीमीटर वेगाचं. या प्रवासात खडक गरमच होता, आणि दाब उतरला की गरम हिरा ग्राफाइट व्हायला बघतो. पेन्सिलीतलं तेच ते. काही कणांचं तसं झालेलं दिसतंही. गार्नेट आणि झिरकॉनच्या डबीत बंद होते ते बहुतांश वाचले. त्यामुळे एकूण किती हिरे बनले होते, हे आज उरलेल्यांवरून मोजता येत नाही.

असाच दुसरा साक्षीदार म्हणजे कोएसाइट, क्वार्ट्झचं दाबाखालचं रूप. आल्प्समधल्या खडकात ते १९८४मध्ये सापडलं. आपल्याकडे लडाखमध्ये, त्सो मोरीरी तळ्याच्या भागात ते गार्नेटच्या आत सापडलंय. त्याला साधारण ९० किलोमीटर खोली लागते. म्हणजे भारताची पुढची कड आशियाखाली निदान तेवढी गेली आणि वर आली. गार्नेटमध्ये कोएसाइटचं परत क्वार्ट्झ होताना ते फुगतं आणि डबीला चहूबाजूंनी तडे पाडतं. सूक्ष्मदर्शकाखाली या खडकांत पहिल्यांदा शोधायचे असतात ते हेच तडे.