मिलानची पेटी



इटलीतील मिलान शहर पोशाखाच्या नवनव्या तऱ्हांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथे जावयाचे ठरले की माणूस पेटी भरतो ती ऋतू पाहून नव्हे, तर लोक काय म्हणतील हे पाहून. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी जुलै महिन्यात तेथे जाताना मीही तेच केले. सत्तरी ओलांडलेली आई बरोबर होती. तिच्या मऊ, झिजलेल्या चपला मी घरी ठेवावयास लावल्या आणि कातड्याचे नवे कोरे बूट आणले. आई म्हणाली, “अरे, ह्या पायांकडे तिथं कोण बघणार?” मी ऐकले नाही.

आम्हांला उन्हाचे काय कौतुक, असे इंदूरचा वा हैदराबादचा श्रोता म्हणेल. मिलानमध्ये जुलैतील दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. उष्णतेची लाट आली तर ते ३५ अंशांपलीकडे जाते. आपल्या वैशाखापुढे हे काहीच नव्हे. परंतु हे शहर पो नदीच्या सखल मैदानात वसले आहे. उत्तरेस आल्प्स आणि दक्षिणेस ॲपेनाइन्स पर्वत असल्यामुळे वारा मंद व हवा दमट असते. शिवाय घरी आपण दुपारी दारे लोटून आत बसतो. प्रवासात मात्र नेमके त्याच वेळी दगडी फरसबंदीवरून चालत राहतो.

तेव्हा पेटीत सैल, फिकट रंगाचे, सुती किंवा लिननचे चार जोड पुरेत. लिनन जवसाच्या तंतूंपासून होते. ते घाम टिपते आणि रात्री धुतले तर सकाळपर्यंत बहुधा वाळते. ते चुरगळते खरे, पण उन्हाळ्यात खुद्द मिलानकरही ते आवडीने घालतात. एक उपरणे किंवा ओढणी अवश्य घ्यावी. १३८६ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या भव्य कॅथीड्रलमध्ये उघड्या खांद्यांनी वा आखूड चड्डीत प्रवेश मिळत नाही. साडी नेसणाऱ्या स्त्रीला ही अडचण मुळीच नाही. छत्री हवी, कारण उन्हाळ्यातही तेथे एकाएकी वादळी पाऊस कोसळतो. जुलै २०२३ मधील अशाच एका वादळात शहरातील कितीतरी झाडे उन्मळून पडली. डासांसाठी मलम आणि रिकामी बाटली घ्यावी. रस्तोरस्ती हिरव्या रंगाचे लोखंडी नळखांब आहेत. त्यांच्या पितळी तोंडांतून पिण्याचे पाणी अखंड वाहत असते. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत. आपल्याकडील जाड तीन खुंट्यांचा प्लग तेथे बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता बुटांकडे वळतो. आमच्या ख्रिस्ती घरांत जेवणाच्या खोलीत बहुधा प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र असते. लिओनार्दो दा व्हिंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते मिलानच्या एका मठातील भोजनगृहाच्या भिंतीवर रंगविले. ऑगस्ट १९४३ मधील बाँबवर्षावात ते दालन ढासळले, पण चित्राची भिंत उभी राहिली. रंग फार नाजूक असल्यामुळे थोड्याच लोकांना, फक्त १५ मिनिटांसाठी आत सोडतात. वेळ आधी राखून ठेवावी लागते. ती चुकली की प्रवेश नाही. ते चित्र पाहावे, एवढीच आईची इच्छा होती.

ट्राममधून उतरल्यावर थोडेच चालावयाचे होते. पण नव्या बुटांनी तिच्या दोन्ही टाचांना फोड आले होते. दर दहा पावलांनी ती थांबे. आम्ही पोहोचलो तेव्हा आमची वेळ टळून गेली होती, आणि पुढच्या दिवसांत एकही जागा शिल्लक नव्हती.

आईने बूट काढले, नळाखाली रुमाल भिजवून टाचांवर धरला आणि म्हणाली, “असू दे. घरी आहेच की ते चित्र. रोज बघते मी.” ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

आम्ही पुन्हा जाण्याचा बेत करीत आहोत. या खेपेस पेटीत सर्वांत आधी आईच्या जुन्या चपला ठेवणार आहे. उरलेल्या जागेत माझे कपडे मावतील तेवढे मावोत.