परदेशी जाणारी आपली मुले

(सांगली येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बांधवाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातारा-सांगलीकडील आपल्या वस्त्यांतून आता मुले-मुली परदेशी शिकावयास जाऊ लागली आहेत. ज्यांच्या पणज्याने गावाची येसकरकी केली, त्या घरातील मुलीचे पारपत्र निघते, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही घरोघर ऐकू येतो. मुलगा तिकडेच राहिला, तर तो समाजाला अंतरला काय? आणि हा प्रश्न विचारणारे परमपूज्य बाबासाहेबांचा दाखला देतात. बाबासाहेब परत आले, मग आमचा मुलगा का येत नाही?

हा दाखला देण्यापूर्वी तो नीट तपासला पाहिजे. सुभेदार रामजी निवृत्त होऊन साताऱ्यास राहिले. तेथेच बाबासाहेबांची आई वारली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. पुढे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांच्या भेटीस 1901 साली हा मुलगा भावाभाच्यांसह निघाला व मसूर स्टेशनावर उतरला. जात समजताच गाडीवाले बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल केले व बैलगाडी मुलांनी स्वतः हाकली. वाटेत पिण्यास पाणी मिळाले नाही. भाड्याला पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते, तरी हे घडले. केवळ पैसा आला म्हणजे सर्व सुटेल, असे मानणाऱ्यांनी मसूरची ही हकिकत मुलांना अवश्य सांगावी.

1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि त्याबदली संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा तो करार होता. त्याच वर्षी जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. त्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने 1990 साली पुस्तिकारूपाने निघाल्या. मसूरची हकिकतही त्यांतच आहे. आपल्याच देशात मनुष्याला व्हिसासाठी ताटकळावे लागते, हे त्या शीर्षकाइतके थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही बाहेर काढण्यात आले. हे परतणे कराराचे होते. 1920 साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर. 1923 साली आले, ते मात्र स्वेच्छेने. तेव्हा दाखला देणाऱ्याने कोणत्या परतण्याचा दाखला देतो, ते आधी सांगावे. माझे मत असे की, जो शिष्यवृत्तीच्या अटींनी बांधला गेला त्याने त्या अक्षरशः पाळाव्यात. जो आईबापांच्या घामावर गेला त्याने हिशेब आईबापांना द्यावा. इतरांनी त्याला जाब विचारू नये.

त्या घामाविषयीच मला अधिक बोलावयाचे आहे. मी जत तालुक्यात वाढलो. माझ्या विधी महाविद्यालयाची फी आईने ऊसतोडीच्या उचलीतून भरली. उचल घेणे सोपे असते, फेडताना हंगामामागून हंगाम जातात. परदेशी शिक्षणाचे कर्ज ही उचलच होय, फक्त मुकादमाच्या जागी बँक किंवा एजंट असतो. गेल्या वर्षी माझ्याकडे एक कुटुंब आले. त्यांनी महार वतनाच्या जमिनीचे साठेखत एका सावकारास लिहून दिले होते व त्या पैशावर मुलगा विमानात बसला होता. 1958 च्या कायद्याने वतने गेली व जमिनी परत मिळाल्या, त्या नव्या शर्तीच्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांचे हस्तांतर करता येत नाही. अशा व्यवहारात जमीन सरकारजमा होण्याची भीती असते, आणि घेतलेले पैसे मानेवर राहतात ते राहतातच. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' असे शब्द दिसले, तर सही करण्याआधी वकिलास विचारावे.

सरकारी शिष्यवृत्तीचा मार्ग याहून चांगला. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध या दोघांसाठी आहे. केंद्राचीही आहे, पण तिच्या 2022 च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. कोलंबियात मे 1916 मध्ये बाबासाहेबांनी वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता. त्या नियमाने त्यांचाच अर्ज फेटाळला गेला असता!

आणि तिकडे गेल्यावर? जातही त्याच विमानाने जाते. आडनाव विचारून अंदाज घेणारे तेथेही भेटतात. म्हणूनच सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदास कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले. गव्हर्नरांनी ते नाकारले. लढा चालू आहे, आणि तो तेथे राहिलेल्या आपल्याच मुलामुलींनीही उभा केला आहे. ती परतली नाहीत म्हणून समाजाला अंतरली, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता कामाचे बोलतो. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर एक, जातीच्या प्रमाणपत्रावर दुसरे व पारपत्रावर तिसरे, अशी नोंद मी वारंवार पाहतो. बौद्धांना केंद्राची अनुसूचित जातीची मान्यता 1990 साली मिळाली. परंतु मूळ जात व 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे वास्तव्य दाखवावेच लागते. त्याला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचे जुने शाळा रजिस्टर. मुलाने बारावीची परीक्षा देण्यापूर्वीच तो उतारा गावच्या शाळेतून काढून ठेवावा. प्रवेशपत्र हाती आल्यावर धावाधाव करून पडताळणी वेळेत होत नाही. ज्यांच्याजवळ असे कागद असतील, त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत यावे. मी रात्री नऊपर्यंत येथे आहे.